काजं नसलेला सदरा

१२ जानेवारी

ठकू,

आशीर्वाद आहेतच. ते रागलोभावर अवलंबून नसतात, म्हणून वरच्या कोपऱ्यात वेगळे लिहीत नाही. तू माझ्याशी बोलत नाहीस. बोलू नकोस. मी या वेळी बोलायला बसलेलो नाही, शिकायला बसलोय.

तुझा प्रबंध मी वाचायला घेतला आहे. आईनं त्याला निळ्या कापडाचं वेष्टन शिवलं होतं ना, ते काढून. इतकी वर्षं मी अर्पणपत्रिकेच्या पुढे गेलो नव्हतो. 'आई-बाबांना' एवढं वाचायचं, डोळे पुसायचे आणि पुस्तक मिटायचं, असा माझा अभ्यास. कवितेचं नाव वाचून वर्गाबाहेर पडणाऱ्या पोराला मी काय केलं असतं ते तुला ठाऊक आहे.

पद्धत जुनीच आहे. आधी मोठ्यानं वाचन, मग कठीण शब्द, मग सरळ अर्थ, मग संदर्भासह स्पष्टीकरण. शब्दकोश उजव्या हाताला, भिंग डाव्या हाताला. आई खिडकीशी शिवणाच्या मशीनजवळच्या खुर्चीवर बसून ऐकते. मी कविताच वाचतोय असं तिला वाटतं, मधूनच मान डोलावते. तुझ्या प्रबंधाला मिळालेली ती सगळ्यात मोठी दाद समज.

पहिल्या प्रकरणाचं स्पष्टीकरण देतो.

संदर्भ: प्रस्तुत उतारा आमच्या लेकीच्या प्रबंधातून घेतला आहे. स्पष्टीकरण: मेंदूतल्या चेतापेशीला वृद्धी-घटक नावाचं अन्न मिळालं की तिची वाढ होते, तिला फाटे फुटतात. पोट भरलं की मग ती आपल्या अंगावर ग्राही नावाचे हात वाढवते आणि त्या हातांनी मेदप्रथिनं, म्हणजे प्रथिनात बांधलेली चरबीची गाठोडी, आत ओढून घेते. घर भरलेलं असलं की माणूस पाहुण्यांना दार उघडतो, तसं.

चुकलं असेल तर तांबड्या शाईनं दुरुस्त करून हाच कागद परत पाठव. तू मावशीकडे शिकायला होतीस तेव्हा तुझी पत्रं मी अशीच परत पाठवायचो. तुझी आई कपाळावर हात मारून म्हणायची, "लेकीनं आठवण काढली आहे, आणि तुम्ही तिचे ऱ्हस्व-दीर्घ काढताय." आता पाळी तुझी. चार शब्द प्रेमाचे लिहायची गरज नाही. मीही लिहीत नव्हतो.

हे सगळं कशासाठी, ते सांगतो. त्या दिवशी फोनवर तू विचारलंस, "बाबा, मागून कोण बोलतंय?" आणि मी वर्गात कुजबुजताना पकडलेल्या पोरासारखा दोन पावलं मागे झालो. आईचं विसरणं तुझ्यापासून लपवायचं म्हणून मी तिच्या खुर्चीमागे उभा राहून पुढचं वाक्य सांगत होतो. तुझ्या सरांचं नाव, तिकडची थंडी, तुझा गुडघा. पाठांतर कच्चं असलेल्या मुलाला मागच्या बाकावरून सांगावं तसं. तो निर्णय माझा होता. सगळा माझा.

मग तू इथल्या डॉक्टरांशी बोललीस आणि मला फोन केलास. म्हणालीस, "दोन वर्षं आधी कळलं असतं तर..." आणि फोन ठेवलास.

डॉक्टरांनी मला नंतर समजावलं, की तुमच्या तिकडच्या इस्पितळात तेव्हा याच वृद्धी-घटकाचा एक उपचार करून बघत होते, आजार नुकता सुरू झालेल्या माणसांवर. आता त्यात कुणाला घेत नाहीत, आणि घेत असते तरी आईची वेळ गेली. जन्मभर मी मुलांना गाळलेल्या जागा भरायला दिल्या. ही एक जागा मला भरता येत नाही. त्या 'तर'च्या पुढे काय होतं? माझ्या कुजबुजण्यानं तिचं बरं होणं हुकलं का? तुझ्याकडून आयतं उत्तर मागायचा मला हक्क नाही. पण प्रश्न समजण्याइतका अभ्यास करायला कुणाची परवानगी लागत नाही.

तुझे बाबा


४ फेब्रुवारी

ठकू,

माझ्या पत्राची घडी पाकिटातून परत माझ्याच हातात आली तेव्हा मला वाटलं, संपलं, न वाचता परत पाठवलं. पोस्टमनसमोर उगाच हसलो. मग दारातच घडी उलगडली, आणि आत सगळं तांबडंलाल.

किती दिवसांनी मला कुणी नापास केलं! आईच्या देखभालीला येणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या, "आजोबा, लॉटरी लागली का?" म्हटलं, शंभरातले बारा मिळाले. तू त्यांना रोज फोन करून आईची चौकशी करतेस ते मला माहीत आहे. मी माझ्या गोळ्या घेतो का, हेही विचारतेस. परवा त्या तुला म्हणाल्या म्हणे, की तुम्हीच विचारा, इथेच बसलेत. तर तू फोन ठेवलास. असो. घेतो मी गोळ्या.

तू 'अन्न' शब्दावर फुली मारून वर 'निरोप' लिहिलंयस. आणि समासात: "वृद्धी-घटक पेशी खात नाही. तो निरोप असतो. त्याच्यासाठी पेशीच्या अंगावर वेगळा ग्राही असतो. तिथे तो लागला की निरोप आत केंद्रकापर्यंत जातो, आणि मग पेशी मेदप्रथिनांचे ग्राही वाढवते. अन्न म्हणायचं तर मेदप्रथिनाला म्हणा. ते शेजारच्या पेशी बांधून पाठवतात." शेवटी पाहुणे आणि दार या दोघांना कंसात घालून: "दृष्टान्त नकोत."

दृष्टान्त नकोत, बरं. पण निरोप हा शब्द तूच दिलास, आणि मी त्याच्यापाशीच थांबलो. आमच्या लहानपणीच्या वाचनमालेत एक कविता होती. कवीचं नाव असलेला कोपरा कसरीनं खाल्लेला, त्यामुळे ती कुणाची ते आम्हाला कधी कळलं नाही, आणि गुरुजींनाही नाही. त्यातल्या दोनच ओळी उरल्यात:

हाक घाली कुणी रानी, कोण ऐकतो दारात?
शब्द वाटेत सांडले, सूर पोचला घरात.

दृष्टान्त नाही हा. नुसतं आठवलं.

दुसरं प्रकरण. पेशींना निरोप द्यायच्या आधी तुम्ही त्यांना उपाशी ठेवता. रक्तातला पातळ भाग, ज्यात सगळीच सरमिसळ असते, तो काढून घेता आणि साध्या पाण्यामिठावर ठेवता, म्हणजे नंतर जे घडेल ते तुमच्या निरोपानंच घडलं हे नक्की कळावं. हे मी मोठ्यानं वाचत होतो, तर खिडकीतून आवाज आला, "कुणाला उपाशी ठेवलंय? ठकू जेवली का?" म्हटलं, जेवली. तर म्हणाली, "कोण ठकू?" आणि पुन्हा बाहेर बघायला लागली. दोन वाक्यांमध्ये श्वास घेण्याइतकंसुद्धा अंतर नव्हतं.

तुझ्या आकृत्या बघताना मला एक सदरा आठवला. फिकट राखाडी. सगळं सुरू झालं तो हिवाळा. शाळेच्या गणवेशांचं काम संपवून आईनं उरलेल्या कापडाचा माझ्यासाठी शिवला. मी आरशासमोर अंगात घातला आणि बटणं लावायला गेलो, तर दोन्ही पट्ट्यांवर बटणंच. डावीकडे सहा, उजवीकडे सहा, समोरासमोर, मापात, एकेक चार टाक्यांनी पक्कं. काज एकही नाही. मी हसलो, म्हटलं, अगं, आता मी हा पाठीवरून शिरून घालू का? ती हसली नाही. पट्टीवरून बोट फिरवत राहिली, पडलेल्या दाताच्या जागी जीभ फिरावी तसं. जन्मभर तिनं काजं हातानं केली. मशीनची काजं तिला उंदरानं कुरतडल्यासारखी वाटायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच म्हणाली, चला, डॉक्टरकडे जाऊ. तपासण्या झाल्या, नाव कळलं. परत येताना इस्पितळाच्या पायऱ्यांवर मला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "पोरीला कळवाल तर माझ्याशी गाठ आहे. तिचं कापड मशीनवर आहे. मधेच सुई उचलली तर सगळी शिवण जाते. तिचं तिकडचं काम होऊ दे, मग सांगू." आवाज असा, की गणवेश मागायला आलेला हेडमास्तरही मागे सरेल.

तर सदरा. तुझं वाचताना मला वाटलं, हेच ते. बटणं चिक्कार आहेत, शेजारच्या पेशी टोपल्या भरभरून पाठवताहेत, पण चेतापेशीच्या अंगाला काजंच नाहीत. आणि तुझा तो निरोप म्हणजे काजं कर असं सांगणं. दृष्टान्त नको म्हणालीस, पण हा माझा नाही. हा तुझ्या आईनं शिवलेला आहे.

तुझे बाबा


२६ फेब्रुवारी

ठकू,

पत्र परत आलं. आधी ज्याच्यामुळे मी दोन दिवस जेवणावरून उठत होतो ते बोलतो.

पायऱ्यांवरच्या आईच्या बोलण्याखाली तू रेघ ओढली आहेस. बाकी काही नाही, ना प्रश्नचिन्ह, ना शब्द. रेघ इतकी दाबून की कागद मागून उठलाय, आंधळ्यालाही वाचता येईल.

ते वाक्य धरून बसू नकोस. माणूस घाबरला की काहीही बोलतो. मी ते ऐकायला नको होतं, आणि ऐकलं ते माझं मी ऐकलं. मुलांना आयुष्यभर घसा फोडून सांगत आलो की पेपर देण्याआधी एकदा वाचून बघा. स्वतः लिहिलेलं मात्र मी कधी वाचून बघितलं नाही, सरळ पाकिटात. सदऱ्याच्या ओघात हात पुढे गेला. पहिल्या पत्रात लिहिलंय तेच खरं मान.

आता अभ्यास. भीत भीत समास बघितला, तर तिथे लिहिलंय: "काज चालेल." ठकू, पस्तीस वर्षांत मी कुणाला इतकी कंजूष शाबासकी दिली नसेल, आणि कुणाची मला इतकी गोड लागली नसेल. खाली तू भर घातली आहेस: "पण सगळी काजं नव्यानं करावी लागतात असं नाही. काही ग्राही पेशीच्या आत तयार पडलेले असतात. निरोप आला की आधी ते पृष्ठभागावर येतात. नवे बनतात ते नंतर, त्याला वेळ लागतो. माझ्या प्रबंधाचा वाद हाच होता: वर आलेले किती आणि नवे किती."

हे वाचून मी तुझ्या तक्त्यांकडे पुन्हा वळलो, आणि पहिल्यांदाच मला ते तक्ते वाटले नाहीत. कारण आईचं असं होतं हल्ली. सगळा दिवस कोरा जातो आणि संध्याकाळी एकदम काहीतरी वर येतं. परवा मला म्हणाली, "तुमच्या उजव्या खांद्याला पाव इंच उतार आहे, कोटात कापूस घालते तुमच्या." आहे उतार. खडू धरून धरून झालेला. तो आजवर दोघांनाच माहीत होता.

तिची टेप गळ्यातच असते. दारात जो येईल त्याचं माप घेते. पोस्टमनचं घेतलं, मीटर बघायला आलेल्या माणसाचं घेतलं. तो बिचारा हात पसरून उभा राहिला. नर्सबाई म्हणतात, "माझं रोज घेतात, कपडा काही येत नाही." आकडे मात्र बरोबर सांगते. फक्त कुणाचे ते तिला ठाऊक नसतं.

आता वळसे पुरे. विद्यार्थ्यानं अभ्यासक्रम पुरा केला आहे असं समज. मला एवढं कळलंय: निरोप आला की काजं वाढतात, काजं वाढली की पेशी गाठोडी आत घेते, त्या चरबीतून आपले फाटे आणि दुसऱ्या पेशींशी असलेले सांधे राखते. आईला निरोप कमी पडत होता, आणि तुमच्याकडे निरोप होता. मी इथे घरात तिच्या खुर्चीमागे कुजबुजत राहिलो. तेव्हा प्रश्न एकच, अनिवार्य, सगळे गुण त्याच्यावर:

वाक्य पूर्ण करा. दोन वर्षं आधी कळलं असतं तर ________

खरं काय ते लिही. मला झेपेल असं बघून लिहू नकोस, मुलांचे गुण मीही कधी वाढवले नाहीत. तू येणार नाहीस हे धरून मी चाललो आहे, त्यामुळे उत्तर कागदावरच दे.

तुझे बाबा


२७ मार्च

ठकू,

या खेपेला पाकीट यायला इतके दिवस लागले की मी पोस्टमनला विचारणं सोडून दिलं. तोच लांबून मान हलवायचा. आज लांबूनच हात वर केला.

उत्तर मी मोठ्यानं वाचलं नाही. पहिल्यांदाच तुझं काही मनात वाचलं. ते इथे पुन्हा उतरवतो. मुलांकडून धडा लिहून घ्यायचो तो एवढ्यासाठीच, की हातातून गेलेलं डोक्यात राहतं.

"बाबा," असं तू लिहिलंयस. हा एकच शब्द मी वेगळा लिहून पाहिला. मग पुढे:

"माहीत नाही. मी बघितलं ते बशीतल्या पेशींवर, उंदराच्या. तिथे निरोप दिला की ग्राही वाढतात, मेदप्रथिन जास्त आत जातं, फाटे फुटतात. हे खरं आहे, मी डोळ्यांनी बघितलं आहे. पण बशीत आपण निरोप थेंबानं टाकतो. माणसाच्या मेंदूत तो हवा तिथे, हवा तेवढा पोचवणं अजून कुणाला नीट जमलेलं नाही. इथल्या त्या उपचारात जी माणसं होती, त्यांच्यातल्या एकाच्याही घरच्यांना मी सांगू शकत नाही की बघा, परत आलं. आईला आणली असती तर निरोप आत सोडायला तिच्या डोक्याला भोक पाडलं असतं, एवढं नक्की. पुढचं माहीत नाही. मी फोनवर वाक्य अर्धं सोडलं कारण पुढे काही नव्हतं. मी याच आजाराचा अभ्यास करते आणि माझ्याच आईचा आवाज मला दोन वर्षं ओळखता आला नाही. मला कुणावर तरी ओरडायचं होतं."

पुढे काही नव्हतं. म्हणजे जागा गाळलेली नव्हतीच. मी मात्र तिच्यासमोर बसून राहिलो होतो, पेन उघडं ठेवून.

त्याखाली वेगळ्या शाईत, बहुधा वेगळ्या दिवशी: "आईनं बजावलं होतं हे तुम्ही का नाही सांगितलंत? सगळं स्वतःवर का घेतलंत?"

याचं उत्तर मला तोंडी देता आलं नसतं, म्हणून बरं झालं तू कागदावर विचारलंस. तू रागावणार हे ठरलेलंच होतं. आईवर रागावली असतीस तर नंतर तुझी समजूत काढायला ती उरलेली नव्हती. मी होतो. राग उरलेल्या माणसावर काढावा, म्हणजे पुढेमागे मिटवता येतो. एवढाच हिशेब होता, त्यात मोठेपणा नाही. शिवाय ती खुर्चीवर होती आणि कुजबुजत मीच होतो. ते खोटं नाही.

आणि माझ्या शेवटच्या वाक्यावर तू काय केलंस? 'तू येणार नाहीस' यातल्या 'नाहीस'वर फुली. बारीकशी, टोकदार, 'अन्न'वर मारली होतीस तशी. वर काही लिहिलेलं नाही. शेजारी तारीख, आणि एक अट: "तुम्ही मागून सांगायचं नाही."

कबूल.

तेव्हा आता सूचना, परीक्षेला बसण्यापूर्वीच्या. घंटी वाजवू नकोस, ती दचकते. दार लोटलेलं असेल. 'ओळखलंस का' असं विचारू नकोस. ते विचारलं की तिला कळतं की आपल्याला काहीतरी यायला हवं होतं, आणि मग ती टेप गुंडाळून खिडकीकडे तोंड फिरवते. समोर उभी राहा, माप घेऊ दे. हात पसरायला सांगेल, पसर. तुला काहीबाही म्हणेल, बाई, ताई, गणवेशवाली. म्हणू दे.

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसेन. तुझं नाव दोनच अक्षरांचं आहे आणि ते माझ्या ओठांवर असणार. तरी सांगणार नाही.

तुझे बाबा


२१ एप्रिल

ठकू,

तू परत तिकडे पोचल्याचा फोन आला, त्यावर आपण बोललोही. फोनवर बोलता येत असताना पत्र कशाला, असं नर्सबाईंनी विचारलं. पण त्या पहिल्या दुपारी तू आईसमोर होतीस आणि मी तुमच्या दोघींच्या समोर. जे मला दिसलं ते तुला दिसलेलं नाही. ते तुझ्याकडे असावं.

तू आत आलीस तेव्हा तिनं तुझ्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही, खांद्यांकडे बघितलं. टेप काढली. तू हात पसरलेस. तिनं पाठ मोजली, कंबर मोजली, मनगट मोजलं आणि मनगटाशी जरा थांबली. तुला वाटलं असेल ती आकडा विसरली. तसं नव्हतं. ती तुझ्या मनगटावरून अंगठा फिरवत होती, कापडाचा पोत बघतात तसा. मग विचारलं, "कुठून आलात?" आणि तू माझ्याकडे बघितलंस.

त्या क्षणी मी काय करत होतो ते सांगतो. मी दोन्ही हातांनी स्टूल धरलं होतं. वर्गात पोरगं फळ्यासमोर अडकतं, ओळ आठवत नाही, सगळा वर्ग बघत असतो, तेव्हा पहिला शब्द देणं हा माझा धर्म होता. जन्मभर दिला. त्या दुपारी मी एका बाईला तिच्या मुलीचं नाव सांगितलं नाही. याहून कठीण काम मी शाळेत केलेलं नाही.

तू म्हणालीस, लांबून. ती म्हणाली, असं होय.

मग तू कपाटातून तो सदरा काढलास. कात्री घेऊन डाव्या पट्टीवरची बटणं उसवलीस आणि तिथे चीर द्यायला निघालीस, प्रयोगशाळेतल्या त्या स्थिर हातानं. आणि ती उसळली. "अहो बाई, थांबा! आधी चीर देतात का? सुतं सुटतील सगळी. आधी चौफेर धावदोरा घाला, मग चीर, मग काज. कुणी शिकवलं तुम्हाला?" तू खाली मान घालून म्हणालीस, "आईनं शिकवलं होतं, मी विसरले." त्यावर तिनं तुझ्या हातातून सुई घेतली, दोरा ओठांत ओला केला आणि पहिल्याच फटक्यात ओवला. चष्म्याशिवाय. दोन टाके तिनं घातले, चार तुला घालायला लावले, त्यातले तीन उसवायला लावले. आपल्या घरात शाबासकी कुणाला फुकट मिळत नाही.

ठकू, मला तेव्हा तुझं ते वाक्य आठवलं, काही आत तयार पडलेले असतात, ते वर येतात. मग माझं मलाच बजावलं, दृष्टान्त नकोत. हे बशीतलं नाही. तिला कुणी कसला थेंब दिलेला नव्हता. तू आली होतीस आणि चुकीची शिवत होतीस, इतकंच.

एक काज पुरं होईपर्यंत खिडकीतला उजेड मशीनवरून खाली उतरला होता. ती उठली, टेप गुंडाळली आणि तुला म्हणाली, "उजेड चाललाय. तुमची आई वाट बघत असेल. या आता."

तू जे उत्तर दिलंस ते मी माझ्याकडे जपून ठेवलंय, पण तुलाही पाठवतो, कारण बोलणाऱ्याला आपला आवाज ऐकू येत नाही. तू म्हणालीस, "हो, बघत होती. मलाच उशीर झाला."

ती म्हणाली, "उशीर तर उशीर. उद्या या. पाच राहिलीत."

दुसऱ्या दिवशी तू सदरा पुढे केलास, तर तिनं तो परका म्हणून बाजूला सारला, आणि तू जाईपर्यंत पुन्हा हातात घेतला नाही. तू रडलीस ते न्हाणीघरात नळ सोडून, मला कळू नये म्हणून. तुझी आई असंच रडायची. नळाच्या आवाजावरून मला या घरात सगळं कळत आलं आहे.

सदरा आता माझ्या अंगात आहे. छातीशी एक बटण लागतं, वरखाली सगळा उघडा. नर्सबाईंना बघवत नाही. काल म्हणाल्या, "आजोबा, द्या इकडे, कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे अर्ध्या तासात सगळी काजं करून आणते."

म्हटलं, नको. ते काम दिलेलं आहे.

तुझे बाबा